एकच चाल, दोन्ही बाजूंना

तक्रारदार : कोणी नाही. जिच्यावर अन्याय झाला तिला तो झाल्याचे आजतागायत ठाऊक नाही.

जिच्यावर अन्याय झाला ती : माझी थोरली बहीण शैला, लग्नानंतर मुक्काम हिवरखेड, तालुका तेल्हारा.

ज्याच्याकडून झाला तो : मी, पद्माकर, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, बैठक अकोल्यास कचेरीसमोर, मूळ राहणार अमरावती, अंबागेटच्या आत.

घटनेचे ठिकाण : अकोला येथील कॅसेट भरून देणारे एक दुकान. वार शनिवार. तारीख मला पाठ आहे, परंतु ती लिहिल्याने कोणाचे काही परत येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

साक्षीदार : पहिले, सदर दुकानाचे मालक गुलाबरावजी, हयात नाहीत. दुसरे, माझ्या टेबलाशेजारी झेरॉक्सचे दुकान चालविणारे रफीकभाई, हयात आहेत व विचारल्यास सांगतील.

मुद्देमाल : काळी फ्लॉपी, नग एक.

आता हकीकत. आम्ही अंबागेटच्या आत दोन खोल्यांत राहत होतो. वडील जिनिंगमध्ये काट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्या मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन खंजिरी तापवायची, हा त्यांचा क्रम. खंजिरीचे कातडे ते शेगडीच्या निखाऱ्यावर धरीत, अंगठ्याने ठोकून पाहत आणि मनासारखा आवाज लागल्याशिवाय जेवायला बसत नसत. मोझरीला जाणाऱ्या भजनी मंडळात ते होते आणि मंडळात आपला हात सर्वांत साफ आहे अशी त्यांची समजूत होती, जी खरी होती. त्याच वेळी आतल्या खोलीत आईचा खलबत्ता चाले. लसणाचा ठेचा आमच्याकडे रोज ताजा होई. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर तो ठेचा, की दुसरे काही लागत नसे. खंजिरी आणि खलबत्ता यांचा ताल कधी जुळत नसे. बाबा ओरडत, "अवो, जरा लयीत कूट ना!" आणि आई आतून म्हणे, "तुमी लयीत खा, म्या लयीत कुटतो."

मी दहावीला दोनदा बसलो व दोन्ही वेळा इंग्रजीने मला अडविले. पुढे वडिलांनी मला अमरावतीच्या कोर्टासमोर बसणाऱ्या दादासाहेब नावाच्या वृद्ध अर्जनविसांच्या हाताखाली दिले. दादासाहेबांचे अक्षर असे होते की साहेब लोक अर्ज मंजूर करण्यापूर्वी क्षणभर नुसते पाहत. त्यांनी मला पहिले सहा महिने फक्त नकला उतरविण्यास लावले. त्यांची शिकवण तीन वाक्यांची होती. नकलनविसाने मजकूर वाचायचा नाही, उतरवायचा. मुळात वाक्य दोनदा आले असेल तर नकलेतही दोनदाच आले पाहिजे. आणि समासात लिहिलेला मजकूर, त्यापुढे सही नसेल तर, दस्ताचा भाग धरायचा नाही. ही तीन वाक्ये मी आजही पाळतो, माझी एकही नकल आजवर परत आलेली नाही, आणि या प्रकरणातील सर्व नुकसान त्या तीन वाक्यांनी झाले. दादासाहेबांचा त्यात दोष नाही. मी अठरा वर्षांचा होतो, नापास होतो, आणि मला कोठेतरी अचूक असण्याची फार गरज होती. रात्री जेवणापूर्वी मी भिंतीकडे तोंड करून अर्ज मोठ्याने वाचण्याचा सराव करीत असे. "महोदय" हा शब्द कसा उच्चारावा यावरच माझे पुष्कळ दिवस गेले.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती शिकलेली होती व गावातील एका संगणक वर्गात शिकवीत असे. त्या वर्गात चपला बाहेर काढून जावे लागे आणि यंत्रांवर पांढऱ्या कापडाची झाकणे असत. पैकी एकाच यंत्रात आवाजाचे कार्ड होते. दुपारची तुकडी येण्यापूर्वी तासभर ते यंत्र रिकामे असे, आणि त्या तासात ताई त्यावर चाली बांधी. मी एकदा पाहिले आहे. पडद्यावर आकड्यांच्या चार रांगा वरून खाली सरकत होत्या आणि त्या सरकत असताना संगीत ऐकू येत होते. मी विचारले, गाणे कोठे आहे? ती म्हणाली, "यात गाणं नाई पद्या. यात आवाजाचे तुकडे हायेत, आन् कोणता तुकडा कवा वाजवायचा त्याचे हुकूम हायेत. यंत्र दर खेपी हुकूम वाचते आन् वाजवते." मी म्हणालो, म्हणजे अर्जच झाला. ती हसली व म्हणाली, "हो रे वकीलसाहेब." मला तिने वकीलसाहेब म्हणू नये असे वाटे, आणि म्हटले नाही तर चुकल्यासारखेही वाटे.

तुकडे तिने घरातलेच घेतले. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणून ती आठ दिवस घरात फिरत होती. आईपुढे माइक धरून म्हणे, "माय, तीनदा कूट आन् थांब." आई म्हणे, "काहून व? खलबत्त्याची का परीक्षा घेऊन राहिली?" तरी तीनदा कुटून थांबे, आणि मग स्वतःच विचारी, "चांगला आला का व?" बाबांची खंजिरी घेतली, पितळी तांब्याची ठण्ण घेतली, दाराच्या कडीची खडखड घेतली. हे तुकडे तिने यंत्रात घातले, त्यांना वर-खाली स्वर दिले, आणि अशा सात चाली केल्या. सातही एका फ्लॉपीत मावल्या. तिची बोटे त्या काळात कधी स्थिर नसत. ताटाच्या काठावर, खिडकीच्या गजावर, माझ्या पाठीवर, कोठेही ती काहीतरी वाजवीत असे.

नंतर वर्तमानपत्रात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात आली. मुलांसाठी संगणकावरचे शिकविण्याचे खेळ ती कंपनी करणार होती व तिला संगीत बांधणारा माणूस हवा होता. नमुना कॅसेटवर पाठवावा, असे लिहिले होते. ताईने ती जाहिरात कापून देवाच्या फळीवर ठेवली. घरात तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू होते. बाबांनी स्पष्ट सांगितले, "पुन्याहून बोलावनं आलं तं म्या सोता सोडून देईन. नाई आलं तं मंग मी म्हनीन तसं." ती "बरं" म्हणाली. त्या दोन वाक्यांवर सगळे ठरले होते, आणि हे आम्हां चौघांनाही माहीत होते.

अमरावतीत तेव्हा संगणकातला आवाज थेट कॅसेटवर घेऊन देणारा कोणी नव्हता. अकोल्याला गुलाबरावजींकडे ती सोय झाली आहे असे तिला वर्गात समजले. जायचे ठरले आणि तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगात उठण्याचे त्राण नाही, आणि नमुना पाठविण्याची मुदत संपत आलेली. सबब मी जावे असे ठरले. ती खाटेवरून मला समजावून सांगू लागली तेव्हा मी तिला थांबविले. मी म्हणालो, "तोंडी नको सांगू. कागदावर दे." तिने वर्गाच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले. तो कागद दुकानदारापुढे ठेवण्यालायक मला वाटला नाही. मी तो रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिला : "सोबतच्या फ्लॉपीवरील सातही चाली अनुक्रमे, पूर्ण, कोणताही भाग न गाळता कॅसेटवर उतरवून द्याव्यात." तिच्या कागदाच्या समासात पेन्सिलीने आडवी एक ओळ होती : "एकदा वाजली की हाताने थांबवणे, नाहीतर फिरत राहील." त्यापुढे सही नव्हती. मी ती उतरविली नाही. मी ती वाचली होती, हे येथे नमूद करतो.

फ्लॉपी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भाकरीच्या डब्यात ठेवली. आई म्हणाली, "डबा मांडीवर ठेवजो, खाली नको ठेवू." बडनेरा, मूर्तिजापूर करीत एसटी अकोल्याला पोचेपर्यंत मी डबा मांडीवरून हलविला नाही. गुलाबरावजींचे दुकान अरुंद व गार होते. भिंतीला कॅसेटी, समोर दोन डेक, कोपऱ्यात नवा संगणक, त्यावर हळद-कुंकू. ते जाड चष्म्याचे, तोंडात सुपारी असलेले गृहस्थ होते. त्यांनी माझा कागद वाचला, अक्षराकडे पाहिले आणि म्हणाले, "कोनाच्या हातचं?" मी म्हणालो, माझ्या. ते म्हणाले, "वा!" ती वाहवा मला आजही आठवते.

त्यांनी साठ मिनिटांची कॅसेट लावली, पहिली चाल सुरू केली व डेकचे बटण दाबले. खलबत्ता वाजला, मग खंजिरी, मग तांब्याची ठण्ण वर-खाली होत गेली. तीन मिनिटांनी चाल पुन्हा पहिल्यापासून लागली. गुलाबरावजी मान वर करून म्हणाले, "हे तं तेच लागलं पुन्हा."

मी म्हणालो, "चालू द्या."

"अबे, फिरून फिरून तेच हाय ना."

"मुळात दोनदा असेल तर नकलेत दोनदाच आलं पाहिजे. पूर्ण, कोणताही भाग न गाळता. कागदावर आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तुमी कचेरीतले का?"

"अर्जनवीस," मी म्हणालो.

"मंग तुमालेच जास्त समजते," असे म्हणून ते जेवायला गेले.

मी स्टुलावर बसून राहिलो. चाल तिसऱ्यांदा आली, पाचव्यांदा आली. समासातील ओळ मला आठवत होती. परंतु माझ्या हातातील कागदावर ती नव्हती, आणि माझ्या हातातील कागद मी लिहिला होता. मला भीती वाटली नाही, शंकाही आली नाही. त्या वेळी मला काहीच वाटले नाही, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. अर्ध्या तासाने पट्टी संपून बटण टक्कन वर आले. गुलाबरावजींनी येऊन बाजू पलटली व दुसऱ्या बाजूलाही तीच चाल शेवटपर्यंत भरली. म्हणाले, "जागाच नाई उरली. बाकीचं?" मी म्हणालो, मावले तेवढे मावले. पोस्ट बंद होण्याची वेळ झाली होती. मी कॅसेट डबीत घालून कापडात शिवली, लाख लावली आणि तिच्या सांगण्याप्रमाणे अकोल्याहूनच पोचपावतीसह रजिस्टर केली. त्या पाकिटावरील पत्ता मी अतिशय सुंदर अक्षरात लिहिला होता.

घरी पोचलो तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. उसाचा रस पिऊन ओठ चिकट झाले होते. तिने विचारले, "सातही झाल्या?" मी म्हणालो, झाल्या.

"पहिल्या बाजूले किती बसल्या?"

तेव्हा मला समजले. म्हणजे जे मला स्टुलावर माहीत होते ते तेव्हा समजले. मी म्हणालो, "चार."

"मंजे दुसऱ्या बाजूले तीन."

"तीन."

"मंग पाचवी दुसऱ्या बाजूले पयली आली," ती म्हणाली आणि हसली. "पाचवी त्याहिले आवडन पाह्य." मग डोळे मिटून ती चादरीवर बोटांनी काहीतरी वाजवू लागली. पाचवी असेल. मला ओळखू आली नाही, कारण मी ती कधी ऐकलीच नव्हती.

पुढील हकीकत थोडक्यात. आठ दिवसांनी पोचपावती परत आली. तिच्यावर कोणाची तरी घाईघाईची सही होती. ताईने ती देवाच्या फळीवर जाहिरातीशेजारी ठेवली. त्यानंतर काही आले नाही. पोस्टमन अकराच्या सुमारास आमच्या बोळात येई आणि त्याच्या सायकलची घंटी ऐकली की आई खलबत्ता थांबवी. चार महिन्यांनी एक दिवस घंटी वाजली तरी आईने कुटणे थांबविले नाही, तेव्हा कळले की घराने वाट पाहणे सोडले. ताई म्हणाली, "आपलं काम त्या लायकीचंच नसन." तिने फ्लॉपी मला दिली. "ठेव तुयाकडं. मले नको." बाबा शब्दाचे पक्के होते. त्यांनी हिवरखेडचे स्थळ पसंत केले. माझे मेहुणे शाळेत शिक्षक होते व सज्जन आहेत, त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्यानंतर ताईने संगणकाला हात लावला नाही. मी पुढे अकोल्याला स्वतःची बैठक घातली आणि फ्लॉपी माझ्या लाकडी पेटीत, शिक्क्यांच्या पॅडखाली, इतकी वर्षे राहिली. दर भाऊबीजेला मी हिवरखेडला जातो. ती ओवाळते, म्हणते, "जाड झाला बापा तू," आणि ताट वाढते. मी तिच्या हातांकडे पाहतो. बोटे स्थिर असतात.

हल्लीची गोष्ट. रफीकभाईंनी एका वकिलाचे जुने दस्त काढण्यासाठी फ्लॉपी वाचणारी छोटी डबी मागविली. काम झाल्यावर ती तशीच टेबलावर पडली होती. मी चार दिवस तिच्याकडे पाहिले व पाचव्या दिवशी पेटी उघडली. सातांपैकी सहा फाइली उघडल्या. सातवी खराब झाली होती. रफीकभाई म्हणाले, "पद्माकरभाऊ, ये गाना नहीं है. ये तो गाने की अर्जी है. सीधा मोबाइल में नहीं बजेगा, एमपीथ्री बनाना पड़ेगा." मी म्हणालो, बनवा. त्यांनी पडद्यावर काहीतरी उघडले आणि विचारले, "ये गोल घूमता है. कितनी बार घुमाऊँ?"

मी पेटीचे झाकण लावले. त्यांनी मान वळवून पुन्हा विचारले, "दो बार? तीन?"

"एक," मी म्हणालो.

"पक्का?"

"एक."

त्या प्रोग्रामात चालीबरोबर तुकड्यांची नावेही दिसतात, ताईने इंग्रजी अक्षरांत टंकलेली. एमपीथ्री केले की ती नाहीशी होतात, आवाज तेवढा उरतो, असे रफीकभाई म्हणाले. म्हणून मी ती कागदावर उतरवून घेतली. बाबा खंजिरी. माय खलबत्ता. तांब्या. दाराची कडी. पाचव्या चालीत आणखी एक होते : पद्या महोदय. खाली तुकडे संपले होते, पण ओळी संपल्या नव्हत्या. मोकळ्या ओळींत तिने लिहिले होते : शैला, अंबागेटच्या आत, अमरावती. हे ऐकलं असन तर पत्र टाका. वर्गातल्या यंत्रावर परदेशातील लोकांच्या चाली येत, त्यांत अशी पत्ते लिहिण्याची रीत होती, हे तिने मला कधीतरी सांगितले होते.

पाचवी चाल मी कचेरीसमोर, खुर्चीवर बसून ऐकली. खंजिरी लागली, आणि तिच्या मागून एक अठरा वर्षांचा मुलगा "महोदय" म्हणाला. मग तोच शब्द वरच्या स्वरात, मग खालच्या, मग तिघांनी मिळून म्हटल्यासारखा. भिंतीकडे तोंड करून वाचत असताना माझ्या पाठीमागे तिने माइक धरला असावा. रफीकभाई हसून म्हणाले, "अरे, ये तो आपकी आवाज है!" मी हो म्हणालो. एक पक्षकार वारसाच्या अर्जासाठी थांबला होता, त्याचा अर्ज मी लिहून दिला. सहा चाली मिळून सतरा मिनिटांच्याही नाहीत. सातही त्या कॅसेटच्या एका बाजूस मावल्या असत्या आणि वर जागा उरली असती.

सबब, सौ. शैलाताई यांस सविनय सादर की : पुण्याहून तुम्हास जे उत्तर आले नाही, ते तुम्ही आपल्या कामाचे उत्तर समजलात. ते तसे नव्हते. तुमचे काम त्यांनी ऐकलेच नाही. त्यांना माझी नकल मिळाली. चार आणि तीन हे आकडे मी खोटे सांगितले. माफी मागण्याचा नमुना माझ्याकडे आहे, लोकांसाठी मी तो पुष्कळदा वापरला आहे, येथे वापरीत नाही. सोबत सहा चाली मोबाइलवर पाठवीत आहे, प्रत्येक एकदाच फिरणारी. सातवी कशी होती हे फक्त तुम्हास ठाऊक आहे. तुम्ही तुमच्या फाइलीत एक विनंती लिहून ठेवली होती आणि तिला आजवर कोणी उत्तर दिले नाही. ताई, मी ऐकले. हे ते पत्र. पोच मिळाल्याचे कृपया कळवावे, सही कशीही चालेल.